बोअरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. सोसायटीला सांगू, की आधी प्लँट बसवू?

वाचक लिहितात :

वाघोली परिसरातल्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. महापालिकेची लाइन आमच्यापर्यंत अजून आलेली नाही. दोन बोअर आणि टँकर यांचं पाणी एकाच अंडरग्राऊंड टाकीत पडतं आणि तिथून वर चढतं. नळांवर क्षार फार जमतात म्हणून गेल्या महिन्यात पाणी तपासायला दिलं. रिपोर्टमध्ये भलतंच निघालं : आर्सेनिक ०.०२८, मर्यादा ०.०१. चेअरमन म्हणतात, तीन फ्लॅट विक्रीला आहेत, प्लँट बसेपर्यंत हे ग्रुपवर जायला नको. प्लँटवाला सगळ्या बिल्डिंगसाठी आरओ सुचवतोय; आरओ लावला की आर्सेनिक शून्य, असं त्याचं म्हणणं. घरात आमचा आरओ आहेच, त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ७० येतो. सूनबाईंना पाचवा महिना आहे. सात वर्षं आम्ही सगळे हेच पाणी पितोय आणि दुसऱ्या बोअरच्या ठरावावर सही माझी आहे. बोअर बंद करू का? प्लँट घेऊ का? लोकांना सांगू का? झोप लागत नाही.

उत्तर :

सूनबाईंपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या गोष्टींना पंधरा दिवस लागले तरी चालतील, ही आजच व्हायला हवी. त्यांच्या पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदला. आर्सेनिक वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. रिपोर्ट बरोबर आहे की चूक, हे ठरेपर्यंत त्यांच्या बाबतीत थांबायचं कारण नाही; उद्या चूक निघाला तर चार जारचे पैसे गेले, एवढंच. शहरात नळाला महापालिकेचं पाणी येणारे नातेवाईक असतील तर तिथून कॅन भरून आणा. ते मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी आहे, जमिनीखालचं नाही, त्यामुळे त्यात आर्सेनिकची धास्ती नको. नाहीतर परवाना क्रमांक आणि तारीख छापलेले सीलबंद जार घ्या. सील नसलेले गार पाण्याचे जार टाळा. ते कुठल्या पाण्याने भरलेत हे कळायला मार्ग नसतो, आणि पुष्कळदा तेही कुठल्यातरी बोअरचंच पाणी असतं.

'पिण्याचं पाणी' म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त पेला येतो. भातात, वरणात, कणकेत, चहात आणि ताकात जाणारं पाणीही पोटातच जातं. तांदूळ आणि डाळ तर शिजताना घातलेलं जवळपास सगळं पाणी शोषून घेतात. उकळून उपयोग नाही : वाफ निघून जाते, आर्सेनिक भांड्यातच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. यूव्हीने जात नाही, क्लोरिनच्या गोळ्यांनी जात नाही, साध्या कँडल फिल्टरने जात नाही. तुरटीबरोबर थोडंफार खाली बसतं, पण त्या भरवशावर गरोदर बाईला पाणी देऊ नये.

आंघोळ, कपडे, भांडी, फरशी, फ्लश यांसाठी मात्र हेच पाणी बिनधास्त वापरा. कातडीतून आर्सेनिक आत जाण्याचं प्रमाण नगण्य असतं. पुढची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते : बाळ झाल्यावर अंगावरचं दूध चालू ठेवायला सांगा. आईच्या दुधात आर्सेनिक फार कमी उतरतं. या पाण्यात कालवलेली दुधाची पावडर मात्र बाळाला देऊ नका.

आता तो आकडा. रिपोर्टमधली आर्सेनिकची ओळ पुन्हा काढा आणि 'एकक' लिहिलेला रकाना बघा. तिथे मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर ०.०२८ म्हणजे २८ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या रकान्यात ०.०१, म्हणजे १० मायक्रोग्रॅम असायला हवं. भारतीय मानक आयएस १०५०० आणि जागतिक आरोग्य संघटना, दोन्हींचा आकडा हाच. एकच रिपोर्ट दोन एककांत टाइप होण्याचे घोळ होतात आणि तिथे हजारपटीचा फरक पडतो, म्हणून हे आधी बघायला सांगितलं. दुसरा भारतीय रिपोर्ट कुणी दाखवला आणि त्यात ०.०५ पर्यंत चालतं असं छापलेलं असेल, तर ती जुनी सूट आहे. दुसरा स्रोत नसेल तर ०.०५ पर्यंत मुभा होती, ती आता काढून टाकलेली आहे.

२८ म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही, आणि आज रात्री कुणाला दवाखान्यात न्यावं इतकं जास्तही नाही. १० ही मर्यादा आयुष्यभर रोज पिण्याचा हिशोब धरून ठरवलेली आहे. पश्चिम बंगाल आणि बिहारमधल्या गंगाकाठच्या गावांत, बांगलादेशात, ज्या हातपंपांनी लोकांच्या हातापायांना गाठी आणल्या, तिथलं प्रमाण अनेकदा शेकड्यांत होतं.

आणि इथेच मला तुमच्या रिपोर्टबद्दल पहिला प्रश्न पडतो. गंगेच्या खोऱ्यात आर्सेनिक येतं ते हिमालयातून वाहून आलेल्या, भूशास्त्राच्या हिशोबाने अगदी तरुण गाळातून. गाळातल्या लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. सेंद्रिय द्रव्य कुजून पाण्यातला प्राणवायू संपला की ते लोह विरघळतं आणि आर्सेनिक सुटतं. कर्नाटकात रायचूरकडे आणि छत्तीसगडमध्ये आपल्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडे अंबागड चौकीच्या भागात आर्सेनिक सापडतं, पण तिथले खडक फार जुने आहेत आणि त्यांत आर्सेनिक असलेली गंधकयुक्त खनिजं आहेत. पुण्याखाली दख्खनचा काळा पत्थर, बेसाल्ट. या खडकातल्या बोअरला सहसा त्रास असतो तो जडपणाचा, नायट्रेटचा, सांडपाणी मुरल्याचा. आर्सेनिक इथे अशक्य नाही, पण अनपेक्षित आहे. कारखान्याचं सांडपाणी, कचऱ्याच्या ढिगातून झिरपणारं पाणी, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावलेली आर्सेनिकयुक्त द्रव्यं, अशी कारणं असू शकतात. नमुना चुकीचा घेतला गेला, हेही असू शकतं. अनपेक्षित आकडा आला की आधी तो पक्का करायचा आणि मग पैसे खर्च करायचे.

तुमच्या पत्रावरून वाटतं की नमुना नळाचा किंवा टाकीचा होता. म्हणजे दोन बोअर आणि टँकर यांची ती मिसळ झाली. त्या २८ मध्ये एका बोअरचे ८० आणि दुसऱ्याचे शून्य असू शकतात, किंवा सगळा दोष टँकरचा असू शकतो. खासगी टँकर बहुतेक वेळा कुठल्यातरी विहिरीवर किंवा बोअरवरच भरलेला असतो. म्हणून पाच नमुने वेगवेगळे घ्या : बोअर एक, बोअर दोन, टँकर, अंडरग्राऊंड टाकी, आणि तुमच्या घरच्या आरओचं शुद्ध पाणी.

बोअरचा नमुना टाकीवर नको, बोअरच्या तोंडाशी, पंपाच्या डिलिव्हरीवर घ्या. आधी पंप पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. केसिंगमध्ये साचून राहिलेलं पाणी जाऊ दे, पाणी नितळ येऊ दे. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागा. धातूंच्या तपासणीसाठीच्या बाटलीत तळाला थोडं नायट्रिक आम्ल घातलेलं असतं. लोक ती 'स्वच्छ' करायला विसळतात आणि आम्ल फेकून देतात. तसं करू नका; हातमोजे घाला, बाटली ओसंडू देऊ नका. आम्ल नसेल तर पाण्यातलं लोह गंजासारखं खाली बसतं, आर्सेनिक त्याला चिकटून बाटलीच्या भिंतीवर राहतं आणि निकाल खोटा कमी येतो. उलट पाणी गढूळ असेल तर तेच आम्ल गाळातलं आर्सेनिकही विरघळवतं आणि निकाल खोटा जास्त येतो. तुमचा दुसरा बोअर नुकताच फ्लश केला असेल किंवा पंप खाली-वर केला असेल तर हे हमखास घडतं. पाण्याची जुनी बाटली धुऊन त्यात नमुना दिला असेल, तर तो रिपोर्ट बाजूलाच ठेवा.

प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरा आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांना द्या. पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय शिवाजीनगरला आहे, खासगी प्रयोगशाळाही आहेत. खासगीत देणार असाल तर तीन गोष्टी विचारा. एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मान्यतेत 'पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक' ही बाब आहे का? नुसतं लेटरहेडवरचं चिन्ह पुरत नाही. पद्धत कोणती? आयसीपी-एमएस किंवा हायड्राइडवाली एएएस (दोन्ही यंत्रावर अगदी बारीक प्रमाण मोजायच्या पद्धती) असेल तर उत्तम. आणि किमान किती मोजता येतं? ०.००१ पर्यंत मोजणारी हवी. 'आढळले नाही' एवढंच लिहिणाऱ्या रिपोर्टचा उपयोग नाही. किती मर्यादेपर्यंत शोधलं आणि आढळलं नाही, तो आकडा हवा. त्याच वेळी लोह, पीएच, फॉस्फेट, सिलिका, नायट्रेट, क्लोराइड, अमोनिया आणि जिवाणू हेही तपासून घ्या. पुढे फिल्टर कोणता चालेल हे पहिल्या चारांवर ठरतं, आणि सांडपाणी मुरतंय का हे शेवटच्या चारांवर कळतं.

जागेवर तपासायचे किट मिळतात. पाण्यात भुकटी टाकली की वायू सुटतो आणि झाकणातली पट्टी पिवळी-तपकिरी होते. दहा बोअरमधून वाईट कुठला, हे चाळायला ते चांगले. ८ आणि १२ यांतला फरक त्या पट्टीवरून सांगता येत नाही, त्यामुळे निर्णय त्यावर नको. किट वापरलंच तर मोकळ्या हवेत वापरा, सुटणारा वायू विषारी असतो.

घरच्या आरओचा टीडीएस ७० आला म्हणजे आर्सेनिक गेलं, असं तुम्ही धरून चालला आहात. टीडीएसचं पेन पाण्याची वीजवाहकता मोजतं आणि तिचे मिलिग्रॅम करून दाखवतं. तुमच्या बोअरचा टीडीएस ६०० धरला तर त्यात २८ मायक्रोग्रॅम म्हणजे एकवीस हजारांतला एक भाग. तो असला काय, नसला काय, पेनवरचा आकडा हलत नाही. आणखी एक : बऱ्याच घरगुती मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाची बारीक पिळायची चावी असते. पाणी अगदी पांचट लागू नये म्हणून ती मेम्ब्रेनला (आरओमधल्या गाळणाऱ्या पडद्याला) वळसा घालून थोडं मूळ पाणी शुद्ध पाण्यात सोडते. त्या वाटेने आर्सेनिकही परत येतं. सर्व्हिसवाल्याला बोलावून ही चावी पूर्ण बंद करून घ्या आणि त्यानंतर पाचवा नमुना भरा.

प्लँटवाल्याच्या 'शून्य'बद्दल. पाण्यात आर्सेनिक दोन रूपांत असतं, पाच संयुजेचं आणि तीन संयुजेचं. पहिल्यावर विद्युतभार असतो, ते आरओच्या मेम्ब्रेनला चांगलं अडतं, नव्वद टक्क्यांहून जास्त. दुसऱ्यावर आपल्या पाण्याच्या पीएचला भारच नसतो, आणि त्यातलं बरंचसं मेम्ब्रेनमधून सटकतं. खोल, प्राणवायू नसलेल्या बोअरमध्ये हेच दुसरं रूप जास्त असू शकतं. उपाय अवघड नाही : आधी क्लोरिन. लिटरला एक-दोन मिलिग्रॅम क्लोरिन मिळालं की तीन संयुजेचं रूप मिनिटाभरात पाच संयुजेच्या रूपात बदलतं. अर्धा तास टाकीत मुरू दिलं की काम झालं. नुसती हवा मारून हे होत नाही, त्याला दिवसच्या दिवस लागतात. पण क्लोरिन आरओचं मेम्ब्रेन खातं, म्हणून मेम्ब्रेनच्या आधी कार्बनचा फिल्टर हवा आणि कार्बन वेळेवर बदलायला हवा. क्रम असा : क्लोरिन, मुरण्याची टाकी, वाळूचा फिल्टर, कार्बन, आरओ. कोटेशनमध्ये पहिल्या दोन पायऱ्या आहेत का, बघा. त्या नसतील आणि विक्रेता पाण्यात दोन सळ्या बुडवून पाणी तपकिरी करून दाखवत असेल, तर तो रंग सळ्यांमधल्या लोखंडाच्या गंजाचा आहे. आर्सेनिकशी त्याचा संबंध नाही.

आता तुमचा खरा खर्च जिथे वाचतो ते बोलू. प्लँट सगळ्या बिल्डिंगसाठी कशाला? तुमच्याकडे साधारण ३०० माणसं असतील. माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला ४० हजार लिटर पाणी लागतं. पोटात जाणारं पाणी, पिणं आणि स्वयंपाक मिळून, माणशी ५ लिटर धरा : १,५०० लिटर. शुद्ध करायचं ते एवढंच. चाळीस हजार लिटर आरओ करून फ्लशमध्ये सोडणं हा पैशांचाही नाश आणि पाण्याचाही, कारण आरओ जेवढं देतं त्याहून जास्त टाकून देतं. १,५०० लिटर मिळवायला, चाळीस टक्के उतारा धरला, तर ३,७५० लिटर आत घालावं लागतं आणि २,२५० लिटर बाहेर पडतं. त्या टाकाऊ पाण्यात आर्सेनिक २८ वरून ४६-४७ वर गेलेलं असतं. फ्लशला ते चालेल. पाऊसपाणी मुरवायच्या खड्ड्यात किंवा रिचार्ज बोअरमध्ये मात्र ते पाइप जोडू देऊ नका. 'पाणी वाया नको' म्हणून सोसायट्यांमध्ये हे चांगल्या हेतूने केलं जातं, आणि जमिनीतून काढलेलं आर्सेनिक दाट करून पुन्हा जमिनीत जातं.

खरं तर आरओपर्यंत जायची वेळच कदाचित येणार नाही. पाच नमुन्यांचे निकाल आले आणि एकच बोअर दोषी निघाला, तर पिण्यासाठी तो तोडून टाका : त्याची लाइन फक्त फ्लश आणि बागेच्या टाकीला जोडा, दुसऱ्यावर पिण्याचं भागवा. बांगलादेशात लाखो हातपंप तपासून दूषितांना लाल आणि सुरक्षितांना हिरवा रंग दिला गेला. लोक शेजारच्या हिरव्या पंपावर जायला लागले, आणि सगळ्या महागड्या यंत्रांपेक्षा जास्त माणसं या साध्या उपायाने वाचली. टाकीत टँकरचं पाणी मिसळून प्रमाण खाली आणू, असं कुणी सुचवेल. गणितात ते बसतं, एक भाग बोअर आणि तीन भाग स्वच्छ पाणी केलं की २८ चे ७ होतात. पण टँकर एक दिवस आला नाही की गणित मोडतं आणि नळ उघडणाऱ्याला ते कळत नाही. पिण्यासाठी असं करू नका.

दोन्ही बोअर दोषी निघाले आणि टीडीएस फार नसेल, तर आरओऐवजी लोहाच्या हायड्रॉक्साइडचे दाणे भरलेला फिल्टर जास्त सोयीचा. पाणी टाकून द्यावं लागत नाही, वीज जवळपास लागत नाही. ताशी २५० लिटरचा वेग ठेवला तर सहा तासांत तुमचे १,५०० लिटर होतात. पाणी दाण्यांमध्ये चार-पाच मिनिटं तरी राहायला हवं, म्हणजे २० लिटर दाणे लागतात. विक्रेते इथेच काटकसर करतात : भांडं छोटं देतात, पाणी भरभर निघून जातं, पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट सुंदर येतो आणि तीन महिन्यांनी आर्सेनिक गुपचूप पलीकडे यायला लागतं. पाण्यात फॉस्फेट आणि सिलिका जास्त असेल तर ते दाण्यांवरची जागा अडवतात आणि दाणे लवकर संपतात, म्हणून ते तपासायला सांगितलं. दोन भांडी एकामागे एक लावा आणि मध्ये नमुना घ्यायची तोटी ठेवा. मधल्या तोटीला आर्सेनिक दिसू लागलं की पहिल्यातले दाणे बदला. दुसरं भांडं तोवर तुम्हाला सांभाळतं. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाही कुणी सुचवेल. ते पीएच साडेपाच-सहाला उत्तम चालतं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी साडेसात-आठचं असतं, तिथे त्याचा दम कमी पडतो.

बोअर मात्र पर्याय उभा राहण्याआधी बंद करू नका. बांगलादेशात ते हातपंप मुळात का खोदले गेले? तळ्या-डबक्यांचं पाणी पिऊन लहान मुलं जुलाबाने मरत होती म्हणून. घाबरून लोक पुन्हा गढूळ पाण्याकडे वळले तर जुनं संकट परत येतं. आपल्याकडेही २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा पाण्यातल्या जंतूंची भीती काय असते ते पुण्याने पाहिलं. आर्सेनिक वर्षांनी त्रास देतं, जंतू दोन दिवसांत. आत्ताच्या आत्ता करायचं ते असं : गेटजवळ २,००० लिटरची झाकणाची टाकी उभी करा, तिच्यावर हिरवा नळ लावा, महापालिकेच्या भरणा केंद्रावरचा पिण्याच्या पाण्याचा टँकर रोज तिथे ओता. ओटी टेस्टने (क्लोरिन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या थेंबांच्या चाचणीने) रोज सकाळी क्लोरिन बघा. पिवळा रंग आला नाही तर पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ८० मिली टाका, ढवळा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. अंडरग्राऊंड टाकीत हे पाणी सोडलंत तर सगळं मुसळ केरात.

लोकांना सांगायचं का? हो, आणि फेरतपासणीचा निकाल यायच्या आधीच. चेअरमनना मी वाईट म्हणणार नाही, तीन कुटुंबांचे व्यवहार अडकतील ही काळजी खोटी नाही. पण ते ज्या गोष्टीला घाबरताहेत, ती लपवल्यानेच जास्त बिघडते. रिपोर्ट तुम्ही पाहिलाय, चेअरमननी पाहिलाय, प्लँटवाल्याने पाहिलाय, प्रयोगशाळेकडे प्रत आहे. दोन महिन्यांनी तो फुटला तर 'पाण्यात आर्सेनिक' याच्या पुढे 'आणि कमिटीने दाबलं' हे जोडलं जाईल. खरेदीदार पहिल्यावर उपाय विचारतो, दुसऱ्यावर उठून जातो. त्यापेक्षा मोठी गोष्ट : तुमच्या सूनबाईंना तुम्ही आजपासून वेगळं पाणी द्याल. ८३ घरांत आणखी कुणाला दिवस गेले असतील, कुणाकडे वर्षाचं बाळ असेल. त्यांनाही तेच पाणी बदलायची संधी हवी.

सूचना व्हॉट्सअॅपवर आधी टाकू नका, तिथे पाच मिनिटांत 'विषारी पाणी' होतं. फलकावर सही-शिक्क्यानिशी लावा, रिपोर्टची प्रत जोडा, मग तिचाच फोटो ग्रुपवर. मजकूर असा चालेल :

'सर्व सभासद व भाडेकरूंना सूचना. आपल्या पाण्याच्या नमुन्यात आर्सेनिकचे प्रमाण लिटरला ०.०२८ मिलिग्रॅम आढळले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. हा एकाच नमुन्याचा निकाल असून दोन्ही बोअर, टँकर व टाकी यांची फेरतपासणी दोन प्रयोगशाळांकडून सुरू आहे. तोपर्यंत पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी गेटजवळील हिरव्या नळाचे पाणी वापरावे. आंघोळ, कपडे, भांडी व स्वच्छतेसाठी नेहमीचे पाणी वापरण्यास हरकत नाही. पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही. गरोदर महिला व लहान मुले असलेल्या घरांनी आजच पाणी बदलावे. फेरतपासणीचे अहवाल मिळताच याच फलकावर लावले जातील.'

याच्या खाली विशेष सर्वसाधारण सभेची तारीख टाका. वॉचमन, घरकामाच्या मावश्या आणि माळी यांना तोंडी सांगा. ते खालच्या पार्किंगमधल्या नळाचं पाणी पितात आणि फलक त्यांच्यासाठी लिहिलेला नसतो. दोन्ही प्रयोगशाळांनी आकडा पक्का केला तर भूजल यंत्रणेला आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवा. तुमचा बोअर आणि शेजारच्या सोसायटीचा बोअर एकाच भेगेतलं पाणी ओढत असतील, तर हा प्रश्न तुमच्या कुंपणाशी थांबत नाही.

सात वर्षांचं काय, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण झोप त्यानेच उडालेली दिसते. आधी हे कळू दे की ती सात वर्षं खरोखर आर्सेनिकची होती का. दुसरा बोअर नंतरचा आहे. दोष त्याचा निघाला तर तेवढीच वर्षं मोजायची. शरीर आर्सेनिक साठवत बसत नाही, पाणी बदललं की काही दिवसांत बरंचसं लघवीवाटे जातं. म्हणूनच लघवीची तपासणी फक्त अलीकडचं दाखवते. करायचीच असेल तर आधी चार दिवस मासे खाऊ नका, त्यांतलं निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवतं. केसांच्या तपासणीच्या नादी लागू नका. याच पाण्याने केस धुता, ते बाहेरूनही चिकटतं. छातीवर किंवा पाठीवर गडद-फिके ठिपके, तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी असं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला रिपोर्टसकट दाखवा. इतक्या प्रमाणाला ते दिसण्याची शक्यता कमी आहे. शरीर 'डिटॉक्स' करणारं औषध म्हणून कुणी काही विकलं तर घेऊ नका. उपचार म्हणजे ते पाणी थांबवणं आणि नीट आहार, डाळी, अंडी, पालेभाज्या. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती सुटली पाहिजे, कारण तंबाखू आणि आर्सेनिक मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतात. आणि त्या सहीबद्दल : आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि बोअर घेतल्यावर नेहमीच्या स्वस्त तपासणीत ते बघितलंही जात नाही. तुम्ही क्षारांसाठी का होईना, सगळी तपासणी करून घेतलीत म्हणून हे कळलं.

प्लँट किंवा फिल्टर घ्यायचं ठरलंच, तर करारात या अटी घाला. शुद्ध पाण्यात आर्सेनिक ०.००५ च्या खाली, तेही सोसायटीने निवडलेल्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टनुसार. तो येईपर्यंत तीस टक्के रक्कम हातात ठेवायची. पहिले सहा महिने दरमहा तपासणी, नंतर दर तीन महिन्यांनी. बोअरचं मूळ पाणी वर्षातून दोनदा, मेमध्ये पाणी खाली गेल्यावर आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये. संपलेले दाणे विक्रेत्याने परत न्यायचे आणि घातक कचरा म्हणून त्यांची विल्हेवाट लावल्याची पावती द्यायची. पुणे जिल्ह्यात रांजणगावला त्यासाठीचं केंद्र आहे. ते दाणे घंटागाडीत किंवा बागेच्या मातीत जाता कामा नयेत. ही शेवटची अट ऐकून जो विक्रेता गडबडेल, त्याच्याकडून फिल्टर घेऊ नका.